प्रशांतच्या यादीत आजची तारीख नव्हती

२३ तारखेच्या संध्याकाळी नागपूरच्या गोकुळपेठेत टपरीमागच्या कट्ट्यावर जमलो तेव्हा विषय हिवाळी अधिवेशनाचा होता. सिव्हिल लाइन्सचे रस्ते पुन्हा उकरले, दुभाजकांना रंग लागला, म्हणजे सरकार येणार. चहा हातात येतो न येतो तोच प्रशांतनं मोबाइल काढला.

"ऐका बे. नोव्हेंबर हा महिनाच घातवार आहे. माझ्याजवळ पुरावा आहे."

पुरावा म्हणजे सकाळी कुणीतरी त्याला पाठवलेला मेसेज. त्यानं बातम्यांच्या आवाजात वाचायला सुरुवात केली. १ नोव्हेंबर १७५५, लिस्बनचा भूकंप. २२ नोव्हेंबर १९६३, केनेडी. १२ नोव्हेंबर १९७०, भोला चक्रीवादळ. २६ नोव्हेंबर २००८, मुंबई. मग आवाज खाली आणून, "आणि १९ नोव्हेंबर २०२३, अहमदाबाद. ही ओळ मी स्वतः टाकली."

"फायनल?" वैशाली ताडकन उठली. "लाखो माणसं मेली, त्या ओळीत तू फायनल बसवली?"

"दुःख ते दुःखच असते न ताई. अकरावा महिना, अकरा खेळाडू, जरा बेरीज करून पाहा."

"ऑक्टोबर क्रांती ऐकलीस कधी? ती झाली ७ नोव्हेंबर १९१७ ला. रशियाच्या जुन्या कॅलेंडरात त्या दिवशी २५ ऑक्टोबर होता, म्हणून ऑक्टोबर क्रांती. आता सांग, तुझा शनी कोणत्या भिंतीवरचं कॅलेंडर पाहून आला?"

"शनीले दोन्ही कॅलेंडरं समजतात."

सगळे हसले. समीरला तेवढं निमित्त पुरलं. "याच्या बेरजेचं नाव काढू नका. नंबरची बेरीज नऊ यावी म्हणून यानं दीड महिना गाडी घेतली नाही. तेवढे दिवस माझी फिरवली अन् शंकरनगर चौकात गायीवर घातली. माझ्या हेडलाइटचे आठशे रुपये अजून आले नाहीत."

"गाय उलट दिशेनं येऊन राहिली होती बे!"

त्या आठशे रुपयांवर दहा मिनिटं गेली. हे भांडण आमच्या कट्ट्यावर दर हिवाळ्यात होतं.

वैशाली कॉलेजात इतिहास शिकवते, ती विषय सुटू देत नाही. ती म्हणाली, "९ नोव्हेंबर घे. १९३८ साली त्याच रात्री जर्मनीत ज्यूंची दुकानं फोडली, सिनेगॉग जाळले. १९८९ साली त्याच तारखेला बर्लिनची भिंत उघडली. तारीख एकच. एकदा माणसं जाळायला निघाली, एकदा भेटायला. जर्मनांचा एकीकरणाचा दिवस ३ ऑक्टोबरला असतो, ९ नोव्हेंबरला नाही; १९३८ ची ती रात्र हे त्यामागचं एक कारण. आणि भोला म्हणजे नुसतं वादळ नाही रे. पूर्व पाकिस्तानात निदान तीन लाख माणसं गेली. याह्याखानच्या सरकारची मदत वेळेवर पोचलीच नाही. महिना व्हायच्या आत, ७ डिसेंबरला मतदान झालं. तिथल्या १६२ जागांपैकी १६० तिथल्याच अवामी लीग पक्षाला. पुढच्या वर्षी देशच वेगळा झाला."

"म्हंजे वाऱ्यानं मारलं ते मारलं," मागून आवाज आला, "पन लोकाईच्या मनात राह्यलं ते येगळंच. आपल्याकडं कोनी आलं नाही, हे."

डोमाजीकाका होते. एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर. झिरो माईलच्या शहीद स्मारकाकडून चालत आलेले. स्वेटरच्या बाहीला झेंडूची पाकळी चिकटलेली. २३ नोव्हेंबरला ते कुठं जातात हे कट्ट्यावर सगळ्यांना माहीत आहे, आणि तरीही ती यादी ऐकताना आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. याची मला अजून लाज वाटते.

"आज तारीख किती हाय, प्रशांत?"

प्रशांतनं मोबाइल पाहिला आणि गप्प झाला.

काकांनी चहा घेतला, पण प्यायला सुरुवात केली नाही. "चौऱ्याण्णवले मी साकोली गाडीवर होतो. पहाटपासून गोवारी लोकं चढून राह्यले होते, नागपूरले अधिवेशनावरच्या मोर्च्यासाठी. गुरं राखनारी मानसं, दिवाळीचं गायगोधन नुकतंच झालेलं. बायकाईच्या हातात फडक्यात बांधल्या भाकरी. त्या दिवशी मी अर्धी तिकिटं जेवढी फाडली न, तेवढी कधीच फाडली नाही. पेटीतला अर्ध्या तिकिटाचा गठ्ठा लाखनीच्या आधीच सरला. संध्याकाळी परतीची गाडी लावली, तर सकाळी लेकरू घेऊन आलेली एक बाई एकटीच चढली. मी सवयीनं इचारलं, लेकरू कुठं हाय? तिनं भाकरीचं फडकं माह्या हातात देल्लं. गाठ सोडलीच नव्हती."

टपरीवाल्यानं स्टोव्ह बारीक केला.

"११४," काका म्हणाले. "जास्तीच्या बाया अन् लेकरं. मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटले दिवसभर बसले, आमाले आदिवासी माना, हे निवेदन कोनी मंत्री येऊन घेईन म्हनून. कोनी आलं नाही. लाठी आली. मंग जे पळनं झालं, त्यात तुडवून मेले. हे नोव्हेंबरनं केलं का बे?"

समीर हळूच म्हणाला, "काका, पण कोर्टानं तर त्यांना आदिवासी मानलं होतं न?"

"हाव. १४ ऑगस्ट २०१८ ले इथल्या खंडपीठानं. त्या रात्री लोकाईनं गुलाल उधळला. डिसेंबर २०२० मधी सुप्रीम कोर्टानं पुसून टाकला. यादीत 'गोंड गोवारी' लिवलं हाय, ते येगळे अन् तुमी येगळे म्हने. मेल्यावर पुलाले त्याईचं नाव देल्लं. जित्यापनी एका कागदावर सही मागत होते, तेवढीच नाही देल्ली."

अधिवेशनाची ती मघाची रंगरंगोटी मला तेव्हा बघवेना. याच रस्त्यांना दरवर्षी रंग लागतो. याच रस्त्यावर ती पोरं गेली.

प्रशांत बराच वेळ मान खाली घालून टाइप करत होता. मग त्यानं मोबाइल काकांपुढं धरला. "काका, '२३ नोव्हेंबर १९९४, नागपूर, ११४ गोवारी' असं टाकलं. सगळ्यात वर. बरोबर आहे न?"

काकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "बरोबर."

"अन् ते वरचं घातवार महिना काढून टाकतो."

"काढ."

"फायनल ठेवू?"

"काढ तेही," काकांनी पहिला घोट घेतला. "त्यात महिन्याचा काय दोष, गड्या? तो कप ट्रॅव्हिस हेडनं नेला."

वैशालीच्या हातातला चहा सांडला. समीर हसत हसतच प्रशांतच्या खिशात हात घालत म्हणाला, "अन् माझे आठशे कोणत्या महिन्यानं नेले ते सांग!"