निष्ठेचा निकाल

शाळेच्या ग्रुपवर सध्या 'उपरे' हा विषय पेटलाय. सुरुवात मराठी बोलण्यावरून झाली आणि चार दिवसांत गाडी 'त्यांनी आधी निष्ठा सिद्ध करावी' इथवर आली. पहिली मागणी मला पटते. बर्लिनला आल्यावर मीही रात्रीच्या वर्गांना बसून जर्मन शिकलो. त्याशिवाय शेजाऱ्याशी धड भांडताही येत नाही. दुसरीवर उत्तर लिहिताना मात्र हात थांबला, कारण त्याच रविवारी इथल्या वाइसेनझे भागातल्या ज्यू दफनभूमीत जाऊन आलो होतो.

१८८० सालची ही दफनभूमी, सुमारे १०० एकरांची. पुरुषांनी डोकं झाकूनच आत जायचं. (देवळाबाहेर चपला काढणाऱ्याला त्यात काय नवल!) वेलींनी वेढलेल्या १ लाख १५ हजारांहून अधिक कबरी. त्यांत जुनं बर्लिन भेटत राहतं: 'काडेवे' हे आलिशान दुकान उभारणारे आडोल्फ यांडोर्फ, 'बर्लिनर टागेब्लाट' हे वर्तमानपत्र काढणारे रूडोल्फ मोसे, प्रकाशक सामुएल फिशर, पावसात चमकणारे रस्ते रंगवणारे लेसर उरी.

रेंगाळलो मात्र सैनिकांच्या विभागात. पहिल्या महायुद्धात जर्मनीकडून सुमारे १ लाख ज्यू लढले, १२ हजारांच्या आसपास मेले. ते आघाडीवर जायचं टाळतात अशी ओरड झाली, म्हणून युद्ध चालू असतानाच, १९१६ मध्ये, लष्कराने त्यांची वेगळी शिरगणती केली. तिचे आकडे युद्धकाळात जाहीर केलेच नाहीत.

तत्त्वज्ञ हेरमान कोहेनही इथेच आहेत. जर्मनपण आणि ज्यूपण यांचं आतून नातं आहे, हे त्यांनी त्याच युद्धाच्या धामधुमीत हिरिरीने मांडलं. १९१८ मध्ये ते गेले. त्यांच्या पत्नी मार्था १९४२ मध्ये नाझींच्या टेरेझीनश्टाट छावणीत वारल्या.

महाराष्ट्राची तुलना मी नाझी जर्मनीशी करत नाहीये. तसं कुणी म्हणालं तर मीच भांडेन. पण भाषेची परीक्षा देता येते, पास होता येतं. माझं प्रमाणपत्र कपाटात आहे. निष्ठेच्या परीक्षेला ना अभ्यासक्रम, ना निकालाची तारीख.

एवढं ग्रुपवर टाकलं. पाच मिनिटांनी एका मित्राचा प्रश्न: "मग तू तिकडे कोण रे?"

उपराच. इथल्या निवडणुकांतही आमच्यावरून हेच चाललेलं असतं.