बोअरच्या पाण्याचं काय?
घरच्या छतावरचे सोलर पॅनल कसे सांभाळायचे या लेखात पॅनल अधूनमधून पाइप लावून धुवा म्हटलंय ते ठीक, पण कुठल्या पाण्याने ते लिहिलंच नाही. आमच्या सोलापूरकडे बोअरचं पाणी इतकं जड की काचेवर वाळलं की पांढरे डाग धरतात, खालच्या फ्रेमच्या कडेला तर क्षाराचा थरच बसतो आणि मग तो घासून निघत नाही. नळाचं पाणी असेल तर तेच वापरा, नसेल तर धुतल्या धुतल्या रबरी वायपरने निपटून घ्या, वाळू देऊ नका. कपड्याची पावडर, तारेची घासणी अजिबात नको. आणि धुवायचं ते उजाडताना, दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर तडा जाऊ शकतो.

दुसरं म्हणजे बरेच जण इन्व्हर्टर (पॅनलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलणारं यंत्र) बंद केला की झालं समजून वायरींना हात घालतात, अहो ऊन आहे तोवर पॅनलमधून डीसी व्होल्टेज येतंच, ओळीत ८-१० पॅनल असतील तर ३००-४०० व्होल्ट सहज भरतात, वायर सोललेली किंवा जॉइंट काळा पडलेला दिसला तर पाणी न मारता आधी टेक्निशियनला बोलवा. पॅनलवर पाय देऊन तर चढूच नका, वरून काच शाबूत दिसते पण आतल्या सेलला, म्हणजे वीज बनवणाऱ्या पातळ चकत्यांना, बारीक चिरा जातात.

धूळ पावसाने तरी जाते, कबुतरांची घाण नाही जात, आणि तेवढाच सेल झाकला जाऊन तापतो. कबुतरं पॅनलखाली शिरू नयेत म्हणून खालून जाळी कुणी बसवलीय का, फ्रेमला भोकं न पाडता? आमचा इन्स्टॉलर म्हणतो भोकं पाडली की वॉरंटी गेली.