घटनेची नोंद घेतली जाईल

माझ्याच हातानं मी माझंच नाव उडवलं, हे कबूल. पण त्याचा पंचनामा करायची काय गरज होती, हे मला अजून समजलेलं नाही.

दारव्ह्याहून दिग्रसकडे जाताना जी गावं लागतात, त्यातल्या एका गावच्या ज्युनिअर कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवतो. तासिका तत्त्वावर. यंदा अकरावीला २१२ पोरं आली आणि प्रत्येकाचं खातं सर्व्हरवर उघडायचं होतं. सर्व्हर म्हणजे कोपऱ्यातला एक जुना डबडा, त्यावर उबुंटू ही सिस्टीम. ऑफिसच्या फायलीही त्याच्याच पोटात. हातानं एकेक खातं उघडायला पोळा उलटून दिवाळी आली असती, म्हणून पायथॉनमध्ये स्क्रिप्ट लिहिली. यादी वाच, खातं आधीच आहे का बघ, नसेल तर युजरॲड ही खातं उघडायची कमांड चालव, ग्रुपात टाक, पुढचा घे. ऑफिसची यादी जुन्या मराठी फॉन्टात. फॉन्ट काढला की राऊत, मेश्राम, ठाकरे सगळ्यांचा इंग्रजी अक्षरांत चिवडा. तो निवडण्यात दोन रात्री गेल्या. त्याचे पैसे मागायची सोय नाही. तासिका म्हणजे वर्गातला तास.

स्क्रिप्ट मात्र अशी धावली की चहा येईस्तोवर २१२ खाती तयार. इतका हुरूप आला, की त्याच दमात शिक्षक आणि ऑफिसवाल्यांनाही 'शिक्षक' नावाच्या नव्या ग्रुपात टाकून दिलं. घात तिथं झाला. युजरमॉड म्हणजे उघडलेल्या खात्यात बदल करायची कमांड. तिला नुसता मोठा जी दिला, की ती समजते, माणसाचे एवढेच जादा ग्रुप ठेवायचे, बाकी सगळ्यांतून काढायचा. आहे त्यात भर घालायची असेल तर सोबत छोटा ए लागतो. तो ए मी खाल्ला. ऑफिसच्या फायली ज्याला उघडतात त्या 'ऑफिस' ग्रुपातून बाबू गेले, आणि मी गेलो 'सुडू'मधून. त्या ग्रुपात असेल त्यालाच सर्व्हरवर मालकी.

संध्याकाळपर्यंत पत्ताच नाही, कारण चालू लॉगिनला जुनेच ग्रुप लागू असतात. मग रात्री लाईट गेली. यूपीएसची बॅटरी उन्हाळ्यातच फुगली. तिचा अर्ज ऑफिसात आहे, ऑफिस अर्जावर बसलंय. सकाळी नव्यानं लॉगिन केलं, आणि नेमके तेव्हाच नानाजी दारात.

नानाजी म्हणजे गावचे माजी पोलीस पाटील. पद सुटून बरीच वर्षं झाली, चौकशी सुटली नाही. नातवाच्या बोनाफाईडला आले होते. बाबूंची फाईल उघडेना, 'परमिशन डिनाईड', म्हणून बाबूंनी त्यांना माझ्याकडे पिटाळलं. "सरनं काल काहीतरी केलं" एवढा सुगावाही सोबत दिला.

मी पुढं सुडू लावून, म्हणजे मालकाच्या हक्कानं, एक कमांड मारली. पडद्यावर ओळ उमटली. नानाजींनी चष्मा पुसला आणि अक्षर लावत लावत मोठ्यानं वाचलं, "धिस... इन्सिडेंट... विल बी... रिपोर्टेड." मग खुर्ची ओढून बसले.

"मंजे घटना झाली."

"नाही हो नानाजी, ते असंच म्हणते."

"असंच कसं म्हनन? कोनाले कयवते थे?"

आता खरं सांगायचं तर मलाच. सर्व्हरचा कारभारी मी. निरोप मेलनं रूटच्या, म्हणजे सर्व्हरच्या मालक-खात्याच्या नावे जायला पाहिजे, पण मेलची सोय आमच्याकडे नाही, तेव्हा ऑथ लॉग नावाच्या फायलीत एक ओळ पडते. ती फाईल वाचायची मुभा 'एडीएम' ग्रुपाला, आणि त्या ग्रुपातूनही मी कालच बाहेर पडलो होतो. हे सगळं मी मूर्खासारखं समजावून सांगितलं.

"मंजे आरोपी तुमी?"

"हो."

"अन् ठानेदारबी तुमीच?"

"हो."

"अन् ठानेदाराले ठान्यात घुसू देऊन नाही राह्यले?"

यावर काय बोलणार. नानाजींनी खिशातून डायरी काढली. शिपाई पाण्याची कळशी घेऊन आला होता, त्याला दारातच अडवलं. "थांब बे, पंच लागते." आणि लिहायला सुरुवात. पूर्वेस खिडकी, एक काच नाही. पश्चिमेस लोखंडी कपाट, बंद, चाबी बाबूंकडे. उत्तरेस पंखा, फिरत नाही. दक्षिणेस मास्तर.

मधेच नजर स्क्रिप्टवर गेली. पहिलीच ओळ, इम्पोर्ट पीडब्ल्यूडी.

"बांधकाम खात्याले कायले आनलं इतं? खोली तं पत्र्याची हाये!"

ते पायथॉनचंच मॉड्यूल आहे, खातं आधीपासून आहे का हे पाहायला लागतं, पासवर्ड या शब्दावरून ते नाव, असं मी सांगितलं. त्यांनी 'मास्तर उडवाउडवीची उत्तरं देतात' असं लिहिलं. मला दिसेल अशा बेतानं लिहिलं.

मग कशानं झालं, ते विचारलं. मी वैतागून छोट्या ए-ची गोष्ट सांगितली. नानाजींचा पेन थांबला.

"अरे! हे तं माह्यावालं झालं. फेरफारात चुलत्याचं नाव चढोलं अन् माह्यं उतरलं. 'सह' लिवाचं राह्यलं होतं. दोन वर्सं चकरा मारल्या मी." पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तुमचा ए मंजे आमचा सह."

हेच वर्गात समजवायला मी अख्खी तासिका घालवतो आणि पोट्टे जांभया देतात. मला क्षणभर नानाजींना अकरावीत बसवावंसं वाटलं.

पण ते थांबले असते तर. "मंजे मशीनच्या यादीत तुमचं नाव नाही. शायेच्या यादीत तरी हाये का?"

नाही. मस्टरवर तासिकावाल्यांचं नाव नसतं. आमची वेगळी वही. मागच्या सत्राचं मानधन अजून आलेलं नाही, विचारलं की 'बिल वर गेलंय' म्हणतात. वर म्हणजे कुठं, ते त्या इन्सिडेंटसारखंच. मी काही बोललो नाही. शिपाई खाली बघत कळशीची कड पुसत राहिला. त्याचंही नाव वेगळ्याच वहीत आहे.

मशीन पुन्हा चालू केली, सुरू होतानाच्या ग्रब मेनूतून रिकव्हरी मोड, म्हणजे दुरुस्तीची वाट, तिथून थेट रूटच्या हक्कानं कमांड द्यायची रूट शेल, डिस्क लिहिण्याजोगी करून घेतली, आणि छोट्या ए-सकट मला आणि बाबूंना परत आत घेतलं. दहा मिनिटं.

"हे तं कोनीबी बटन दाबून घुसन," नानाजी म्हणाले.

"म्हणूनच खोलीला कुलूप पाहिजे."

"नाही ना इतं." तेही लिहिलं.

बोनाफाईड छापून मिळालं. जाताना त्यांनी डायरी पुढं केली, मी कटकट टळावी म्हणून न वाचता सही केली. शिपायानंही केली.

संध्याकाळी चौकातल्या पानठेल्यावर गेलो. बाकावरचे दोघं बोलता बोलता थांबले. ठेलेवाल्यानं नेहमीचं पान लावायला घेतलं, चुना ओढला, मग पान तसंच फडक्यावर ठेवलं.

"सर, तुमाले कम्प्युटरनं कमी केलं म्हनते. तं थे मागचे १४० रुपये तेवढे आज होऊन जाईन का?"