दोष दुधाचा नाही, गुळाचा

‘गुळाचा चहा का फाटतो?’ या प्रश्नाला लेखात ‘दूध शिळं असेल’ एवढंच उत्तर दिलंय, ते अजिबात पटलं नाही. आमच्याकडे सकाळी सातला आलेलं म्हशीचं दूध साडेसातच्या चहात फाटलंय. पातेल्यात पांढरे कण एकीकडे, तपकिरी पाणी एकीकडे. गूळ मुळात किंचित आम्लधर्मी असतो. उकळत्या दुधातलं केसीन हे प्रथिन तेवढ्यानेही गोळा होऊ शकतं.

विचारणाऱ्या ताई, पाण्यात चहापूड, आलं, गूळ चांगलं उकळून गॅस बंद करा. दोन मिनिटं थांबून वेगळं तापवलेलं दूध ओता आणि पुन्हा उकळी आणू नका. आलं मात्र आधीच उकळायचं हं, कच्च्या आल्यानेही दूध फाटतं.