अश्वशक्ती आणि ओढ: डब्ल्यूडीजी-४ वरील प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

डब्ल्यूडीजी-४ या मालवाहू डिझेल इंजिनावरील माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे की अल्को या अमेरिकी कंपनीच्या जुन्या रचनेवर बेतलेल्या डब्ल्यूडीजी-३ए ची क्षमता ३१०० अश्वशक्ती आणि डब्ल्यूडीजी-४ ची ४०००, म्हणजे फरक जेमतेम २९ टक्क्यांचा, आणि तेवढ्यासाठी परदेशी तंत्रज्ञान, महागडे इलेक्ट्रॉनिक्स आणि नवी शेड उभारण्याचा खटाटोप करण्याची गरज नव्हती. गोवा-कर्नाटक सीमेवरच्या ब्रागांझा घाटात आजही एका गाडीला अनेक इंजिने लावावी लागतात, मग या इंजिनाने नेमके काय साधले, असेही आपण विचारले आहे. अल्को कोणत्याही शेडमध्ये उघडून दुरुस्त करता येते आणि यंत्र कामगाराला कळेल असेच असावे, असा आपला आग्रहही आहे. शिवाय मोटरींना वीज पुरवणारा एक इन्व्हर्टर बंद पडला की निम्मे इंजिन निकामी होते आणि कॅबपुढची इंजिनाची लांब बाजू (लांब हुड) पुढे असताना लोको पायलटला समोरचे नीट दिसत नाही, हे आक्षेप आहेतच. यातले शेवटचे दोन्ही मुद्दे खरे आहेत आणि त्यांच्याकडे मी नंतर वळतो. पहिल्या मुद्द्याशी मात्र मी मुळीच सहमत नाही, कारण मालगाडीच्या इंजिनाचे मोजमाप अश्वशक्तीने करणे हीच त्यातली मूळ अडचण आहे.

अश्वशक्ती म्हणजे ओढ आणि वेग यांचा गुणाकार. गाडी किती वेगाने धावेल हे अश्वशक्ती ठरवते. जड गाडी जागची हलेल की नाही आणि चढावर टिकेल की नाही, हे मात्र चाकांना रुळांवर मिळणारी पकड ठरवते. डब्ल्यूडीजी-४ चे वजन १२६ टन आहे आणि सुरुवातीची कमाल ओढ ५४० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ५५ टन. डब्ल्यूडीजी-३ए चे वजन १२३ टन आणि सुरुवातीची ओढ सुमारे ३७.९ टन. वजन अडीच टक्केसुद्धा वाढलेले नाही, अश्वशक्ती २९ टक्क्यांनी वाढली आणि ओढ मात्र जवळजवळ ४५ टक्क्यांनी. वजनाच्या प्रमाणात पाहिले तर जुने इंजिन आपल्या वजनाच्या ३१ टक्क्यांइतकी ओढ देते आणि नवे ४३ ते ४४ टक्क्यांइतकी. १९६२ साली आलेल्या डब्ल्यूडीएम-२ या अल्को इंजिनामध्ये हेच प्रमाण सुमारे २७ टक्के होते. आपल्या २९ टक्क्यांच्या हिशेबात ही वाढ कोठेच दिसत नाही, आणि ज्या कामासाठी हे इंजिन घेतले त्या कामात नेमकी तीच मोलाची आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. डिझेल इंजिनाची शक्ती अल्टरनेटर, मोटरी आणि गिअर यांतून रुळापर्यंत पोहोचेपर्यंत बरीच घटते. डब्ल्यूडीजी-४ मध्ये रुळावर सुमारे २५०० किलोवॉट उरतात असे धरले, तर ५४० किलोन्यूटन ओढ देताना ही सगळी शक्ती वापरली जाण्यासाठी गाडीचा वेग ताशी १७ किलोमीटरच्या आसपास असावा लागतो. जुन्या इंजिनाचा आकडाही याच्या जवळपासच येतो. त्याखालच्या वेगात, म्हणजे गाडी सुटताना किंवा घाटात रखडत असताना, दोन्ही इंजिनांची पूर्ण अश्वशक्ती कामालाच येत नाही आणि सगळी मदार पकडीवर राहते.

अमेरिकेतले उदाहरण याबाबतीत फार स्पष्ट आहे. डब्ल्यूडीजी-४ म्हणजे जनरल मोटर्सच्या तेव्हाच्या ईएमडी विभागाचे जीटी४६मॅक हे मॉडेल, आणि त्याचे थोरले भावंड म्हणजे तेच १६ सिलिंडरचे ७१० मालिकेतले डिझेल इंजिन आणि सीमेन्सची एसी (प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहाची) प्रणाली असलेले एसडी७०मॅक. बर्लिंग्टन नॉर्दर्न रेल्वेने १९९३ पासून ते पावडर रिव्हर खोऱ्यातल्या कोळशाच्या गाड्यांसाठी घेतले आणि ज्या गाड्यांना ३००० अश्वशक्तीची पाच एसडी४०-२ इंजिने लागत, तिथे ४००० अश्वशक्तीची तीन पुरू लागली. एकूण अश्वशक्ती १५ हजारांवरून १२ हजारांवर आली आणि तीच गाडी तरीही चालली. अश्वशक्ती कमी झाल्यामुळे चढावरचा वेग थोडा घटतो, हे मान्यच आहे. पण कोळशाच्या गाडीला घाई नसते, तिला मध्येच अडकून न पडण्याची हमी हवी असते.

ही जादा पकड येते कोठून, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण सगळ्या वादाचे उत्तर त्यातच आहे. अल्को इंजिनांत डीसी (एकदिश विद्युतप्रवाहाच्या) सीरीज मोटरी असतात. चढावर चाक घसरू लागले की त्या मोटरीचा वेग वाढतो, प्रवाह कमी होतो आणि चाक आणखी बेफाम फिरू लागण्याची शक्यता असते. तेव्हा शक्ती कमी करून, वाळू टाकून पुन्हा पकड मिळवावी लागते, आणि तेवढ्या वेळात गाडीचा उरलासुरला वेगही निघून जातो. तीन फेजच्या एसी इंडक्शन मोटरीचा स्वभाव वेगळा आहे. इन्व्हर्टर तिला जी वारंवारता देतो, तिने बांधलेल्या वेगाजवळ चाक पोहोचू लागले की मोटरीचे बल आपोआप कमी होत जाते, त्यामुळे घसरण वाढण्याऐवजी आवरली जाते. इंजिनाखालच्या रडारने जमिनीवरचा खरा वेग मोजता येतो आणि नियंत्रण प्रणाली चाकांना किंचित, हवी तेवढीच घसरू देते, कारण पोलादी चाकाला सर्वांत जास्त पकड अशा अगदी थोड्या घसरणीतच मिळते. बोगीची, म्हणजे तीन आस (ॲक्सल) आणि तीन मोटरी असलेल्या चाकांच्या सांगाड्याची, रचनाही याला साथ देते: तिन्ही मोटरी एकाच दिशेला बसवलेल्या असल्यामुळे ओढ देताना पुढच्या आसांवरचे वजन फारसे हलके होत नाही. डब्ल्यूडीएम-२ च्या ट्रायमाउंट बोगीत ही सोय नव्हती. डब्ल्यूडीजी-३ए मध्ये सुधारित बोगी आली, तिचे श्रेय वाराणसीच्या रेल्वे इंजिन कारखान्याला द्यायलाच हवे, पण मोटरी डीसीच राहिल्या.

दुसरा फरक उष्णतेचा. डीसी मोटरीला कम्युटेटर आणि ब्रश असतात. कमी वेगात जास्त प्रवाह फार वेळ गेला तर ती तापून जळण्याचा धोका असतो, म्हणून अशा कामासाठी मिनिटांची मर्यादा घालून दिलेली असते. एसी मोटरीत कम्युटेटर नाही, ब्रशही नाहीत. घाटात तासभर पूर्ण ओढ देत राहणे तिला कितीतरी अधिक झेपते.

आता ब्रागांझा घाट. गोव्यातल्या कुळ्यापासून कर्नाटकातल्या कॅसलरॉकपर्यंतचा हा सुमारे २६ किलोमीटरचा टप्पा आपल्या बोरघाटाइतकाच, म्हणजे ३७ ला १ असा चढतो. बोरघाटात १९३० च्या सुमारासच विजेची इंजिने आली. दूधसागराजवळून जाणाऱ्या या मार्गाला मात्र मीटरगेज ब्रॉडगेज झाल्यावरही डिझेलवरच भागवावे लागले. जनरल मोटर्सशी झालेल्या १९९५ च्या करारानुसार आलेल्या पहिल्या २१ इंजिनांना (१३ तयार आणि ८ सुट्या भागांत) हुबळीची शेड मिळाली, ती होसपेट भागातले लोहखनिज मुरगाव बंदराकडे नेणारा हा मार्ग समोर ठेवूनच, असे मला वाटते.

३७ ला १ च्या चढावर प्रत्येक टनामागे सुमारे २७ किलोची ओढ फक्त चढासाठी लागते. चाकांचा आणि वळणांचा विरोध मिळवून ३० किलो धरू. ५५ टन ओढ असलेले इंजिन कागदोपत्री स्वतःसह सुमारे १८३० टन, म्हणजे मागे १७०० टन पेलू शकते, ३७.९ टन ओढ असलेले इंजिन मागे साधारण ११४० टन. कोळशाने भरलेल्या ५८ बॉक्सएन (उघड्या) वाघिणींच्या गाडीचे वजन ४७०० टनांच्या आसपास असते. म्हणजे आदर्श परिस्थितीतसुद्धा नव्या इंजिनांची तीन आणि जुन्यांची पाच लागतात. पावसाळ्यातला ओला रूळ, सततची वळणे आणि चढावर थांबलेली गाडी पुन्हा सोडण्याची तयारी यांसाठी दोन्ही आकडे वाढवावे लागतात. मग घाटात अनेक इंजिने दिसतात हे त्या इंजिनाचे अपयश कसे ठरेल? ती त्या चढाची गरज आहे. शिवाय सगळी इंजिने पुढे लावता येतच नाहीत, कारण वाघिणींना जोडणारे कपलर किती ताण सोसतील यालाही मर्यादा आहे. म्हणून काही इंजिने मागून बँकर म्हणून ढकलतात. हे कोणत्याही कंपनीच्या इंजिनाला चुकलेले नाही.

उतरणीचा मुद्दा आपल्या प्रतिक्रियेत नाही, तरी तो मला चढाइतकाच महत्त्वाचा वाटतो. खनिजाने भरलेली गाडी घाट उतरताना डायनॅमिक ब्रेकवर, म्हणजे मोटरींनाच जनित्र बनवून त्यांच्या विरोधावर, सांभाळावी लागते. डीसी इंजिनात वेग अगदी कमी झाला की हा विरोध ओसरतो. एसी प्रणालीत तो जवळजवळ थांबेपर्यंत टिकवता येतो, त्यामुळे वाघिणींच्या ब्रेक ब्लॉकवर भार कमी पडतो. पुढे २०१० मध्ये कर्नाटक सरकारने खनिजाच्या निर्यातीवर बंदी घातली, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बळ्ळारी भागातले खाणकाम थांबवले, आणि मुरगावहून पोलाद कारखान्यांकडे चढणारा कोळसा हेच या घाटाचे मुख्य काम झाले. जी इंजिने भरलेल्या गाड्या उतरवत होती, तीच भरलेल्या गाड्या चढवू लागली. मालवाहू इंजिनाच्या रचनेचा कस लागण्यासाठी याहून चोख कसोटी मला सुचत नाही.

इन्व्हर्टरबद्दल आपले म्हणणे बरोबर आहे. डब्ल्यूडीजी-४ मध्ये प्रत्येक बोगीला एकच इन्व्हर्टर असतो आणि त्यावर तिन्ही मोटरी समांतर जोडलेल्या असतात. तो बंद पडला की अर्धी ओढ जाते, आणि एका बोगीतल्या चाकांचे व्यास जवळजवळ सारखे राखण्याचे बंधनही त्यामुळेच येते. डीसी इंजिनात एखादी बिघडलेली मोटर वेगळी काढून उरलेल्यांवर काम निभावता येते. जनरल इलेक्ट्रिकने प्रत्येक आसाला स्वतंत्र इन्व्हर्टर देण्याचा मार्ग धरला आणि बिहारमधल्या मढौरा कारखान्यातून येणारी इंजिने त्याच पद्धतीची आहेत. माझे मत विचाराल तर घाटासाठी तो मार्ग अधिक चांगला आहे. पण १९९० च्या दशकात मोठे इन्व्हर्टर महाग आणि अवजड होते, आणि त्यांची संख्या दोनवर ठेवणे हा त्या काळातला समजूतदार निर्णय होता.

समोरचे न दिसण्याची तक्रार मला सर्वांत गंभीर वाटते, कारण ती माणसाच्या सुरक्षिततेची आहे. एकाच टोकाला कॅब असलेले इंजिन फिरवून घेण्याची सोय प्रत्येक ठिकाणी नसते, आणि मग लोको पायलटला लांब हुडाच्या कडेने सिग्नल शोधत गाडी न्यावी लागते. अल्को इंजिनांतही हीच अडचण होती. म्हणून ती डब्ल्यूडीजी-४ च्या माथी मारता येणार नाही, पण नव्या इंजिनात ती पहिल्या दिवसापासून सोडवायला हवी होती. दोन्ही टोकांना कॅब असलेले, ४५०० अश्वशक्तीचे डब्ल्यूडीजी-४डी नंतर वाराणसीत तयार झाले, ते या गैरसोयीला दिलेले उत्तरच होते.

दुरुस्तीबद्दल मात्र आपण एकाच बाजूने पाहिले आहे. अल्को कोणत्याही शेडमध्ये उघडता येते, हा तिचा मोठा गुण आहे. १९६९ मध्ये मूळ कंपनीने इंजिने बनवणे थांबवल्यानंतरही आपल्या कारागिरांनी ती रचना कित्येक दशके सुधारत नेली, याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ७१० मालिकेच्या इंजिनात एखादा सिलिंडर बिघडला तर हेड, लायनर, पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड यांचा संपूर्ण संच काढून दुसरा बसवता येतो, आणि काढलेल्या संचाची दुरुस्ती निवांतपणे शेडच्या दुसऱ्या कोपऱ्यात चालते. ब्रश बदलणे आणि कम्युटेटर घासणे ही डीसी मोटरींची नित्याची कामे तर एसी मोटरींमुळे उरलीच नाहीत. इन्व्हर्टर दुरुस्त करायला वेगळे प्रशिक्षण लागते हे खरे, आणि ते हुबळीच्या लोकांनी घेतले. यंत्र कामगाराला कळेल असे असावे, या आपल्या आग्रहाशी मी सहमत आहे. फक्त कामगाराला आज जे कळते तेवढ्यावरच यंत्राने थांबावे, हे मला पटत नाही.

आपण सुचवल्याप्रमाणे कोकण रेल्वेवरील मालवाहतुकीवर मी स्वतंत्रपणे लिहीन. तिथला चढ १५० ला १ असल्यामुळे वरचे आकडे तिथे जसेच्या तसे लागू होत नाहीत, आणि डब्ल्यूडीजी-३ए च्या बाजूने बोलायला तिथे अधिक वाव आहे.

आपला स्नेहांकित