दोष, एक नग

‘आपण काय करता?’ या साध्या प्रश्नाला उत्तर देताना मी नेहमी थोडा थांबतो. ‘अविनाशी चाचणीत संशोधन अभियंता आहे,’ असे म्हटले की समोरच्याच्या चेहऱ्यावर एकदम आदर उमटतो, कारण अविनाशी म्हटल्यावर त्याला आत्मा आठवतो आणि मी त्याचीच चाचणी घेत असावा असे त्याला वाटते. मग मी खुलासा करतो की वस्तू न फोडता, न कापता तिच्या आत भेग आहे का ते पाहण्याचे हे शास्त्र आहे. ‘म्हणजे मडके वाजवून घेतात तसे?’ असे तो विचारतो आणि त्याचा आदर जागच्या जागी ओसरतो. वाईट याचेच वाटते की त्याचे म्हणणे खरे असते. फरक इतकाच की माझे वाजवणे सेकंदाला ५० लाख कंपनांचे असते, पोलादातून तो ध्वनी सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर वेगाने जातो, आणि ऐकण्यासाठी कानाऐवजी पडद्याकडे टक लावून बसावे लागते.

त्या पडद्यावर दिसते तरी काय, तर एक आडवी रेघ आणि परतलेल्या प्रतिध्वनींची तिच्यातून उठलेली काही उभी टोके. आमच्या क्ष-किरण विभागातील मंडळींचे बरे असते. रॉन्टजेन यांनी १८९५ मध्ये पत्नीच्या हाताचे अंगठीसकट छायाचित्र घेतले तेव्हापासून त्यांच्याकडे लोकांना दाखवण्याजोगे काहीतरी आहे. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ फायरस्टोन यांना ज्या अल्ट्रासॉनिक, म्हणजे कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनीने दोष शोधणाऱ्या, यंत्राचे पेटंट १९४२ मध्ये मिळाले, त्याचे वंशज मात्र आजही आम्हाला बहुधा टोकेच दाखवतात, आणि त्यातले कोणते टोक भेगेचे व कोणते आपल्या नशिबाचे, हे ज्याचे त्याने ओळखायचे असते.

तपासनीस दोष शोधतो. संशोधकाला तो आधी तयार करावा लागतो, कारण कोठे आणि केवढा आहे हे ठाऊक असलेला दोष सापडल्याशिवाय नव्या पद्धतीवर कोणी विश्वास ठेवत नाही. या कामासाठी मी एकदा एका निष्णात वेल्डरकडे गेलो आणि ‘जोडाच्या मध्यावर तीन मिलिमीटरची भेग घालून द्या,’ अशी विनंती केली. ज्या माणसाने तीस वर्षे भेग न पडू देण्यात घालवली होती, त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरू शकत नाही. त्याने तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही जोड निर्दोष निघाले. आपल्याला एखादे काम जमत नाही असे त्याच्या बाबतीत प्रथमच घडत असावे. त्यात मला असे नग एकोणतीस हवे होते. विशिष्ट आकाराचा दोष आपली पद्धत शंभरातून किमान नव्वद वेळा पकडते, हे ९५ टक्के खात्रीने सांगायचे असेल, तर तसे २९ दोष तपासून २९ही सापडावे लागतात. एक निसटला की हिशेब ४६ नगांवर जातो. अठ्ठाविसावा दोष सापडल्यानंतर एकोणतिसाव्यावर प्रोब, म्हणजे ध्वनी सोडणारे आणि परतलेला टिपणारे हातातले उपकरण, ठेवताना हात जसा थरथरतो, तसा परीक्षेच्या निकालाच्या दिवशीही थरथरला नव्हता.

प्रोब आणि पोलाद यांच्यामध्ये हवेचा पापुद्रा राहिला तर जवळजवळ सगळा ध्वनी तेथूनच माघारी फिरतो, म्हणून मध्ये जेल लावतात. हे जेल कामाच्या जागी लावले तरी संध्याकाळपर्यंत वहीवर, चष्म्यावर, फोनवर आणि पँटच्या खिशात पोहोचलेले असते. नोकरीच्या पहिल्या वर्षी ध्वनी सत्तर अंशांत तिरका सोडणारा प्रोब फिरवताना मला या जेलनेच एक भेग दाखवली. टोक उंच होते, स्वच्छ होते आणि प्रोब पुढेमागे केला की शिस्तीत सरकतही होते. मी खोली काढली, आकृती काढली, तीन वेळा मोजले आणि धापा टाकत वरिष्ठांना बोलावून आणले. त्यांनी पडद्याकडे पाहिले, एक शब्दही न बोलता बोट जेलमध्ये बुडवले आणि प्रोबच्या पुढे पृष्ठभागावर हलकेच टेकवत नेले. एका ठिकाणी बोट टेकताच टोक नाचू लागले; उचलले की थांबे. पृष्ठभागावरून निघालेली एक उनाड लहर पुढे सांडलेल्या जेलच्या थेंबावर आपटून परत येत होती. वरिष्ठांनी फडक्याने थेंब पुसला आणि भेग गेली. पोलादातली भेग फडक्याने पुसून काढताना मी प्रथमच पाहत होतो. ‘अहवाल लिहिला नाहीत ना अजून?’ एवढेच त्यांनी विचारले. लिहिलेला होता, खिशात होता, त्यालाही जेल लागले होते.

तेव्हापासून मी आधी पुसतो, मग बोट लावतो आणि मगच विश्वास ठेवतो. त्यामुळे काही वर्षांनी एका जाड जोडात टोक दिसले आणि ते पुसून, दाबून, दिशा बदलूनही हलेना, तेव्हा मी निःशंक मनाने दोन-अडीच मिलिमीटरच्या दोषाची नोंद केली. नमुन्याच्या मालकांना मात्र पुरावा हवा होता. आमच्या शास्त्राची ही जुनीच अडचण आहे: न कापता सांगितलेले खरे होते की नाही, हे शेवटी कापूनच पाहावे लागते. मी पोलादावर खडूने एक बारीक रेघ मारून दिली आणि कारागिराने अगदी त्या रेघेवर कापणारी चकती चालवली. दोन्ही बाजू घासून, चकचकीत करून सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. दोन्ही निर्मळ होत्या. मालक माझ्याकडे पाहू लागले, मी कारागिराकडे पाहू लागलो आणि कारागीर शांतपणे चकतीची जाडी मोजू लागला. ती अडीच मिलिमीटर भरली.

माझा अंदाज इतका अचूक होता की दोष आख्खाच्या आख्खा चकतीखाली गेला होता. यंत्राच्या तळाशी साचलेला ओला कीस मी कारागिराकडून मागून घेतला आणि काचेच्या बरणीत भरून टेबलावर ठेवला आहे. बरणीवरची चिठ्ठी मीच लिहिली: ‘दोष, एक नग.’ अहवालात मात्र ‘कापणीनंतर दोष आढळला नाही’ असेच लिहावे लागले.