नदी रूझवेल्टने शोधली म्हणे!

आत्ताच आमच्या फिशिंग ट्रिपचा कॉल संपला आणि डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय. ऑगस्टमध्ये ब्राझीलला चाललोय, अ‍ॅमेझॉनच्या जंगलात, रिओ रूझवेल्ट या नदीवर. पहिल्याच स्लाइडवर मोठ्ठ्या अक्षरात 'रूझवेल्टने शोधलेली नदी', म्हणजे अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट. अरे शोधली कसली? १९०९ मध्ये टेलिग्राफ लाइनसाठी जंगल तुडवताना ब्राझीलच्या सैन्यातला अधिकारी रोंदोन याला तिचा उगम सापडला, पुढे कुठे जाते कळेना म्हणून त्याने नाव ठेवलं 'संशयाची नदी'. आणि सिंता लार्गा हे तिथले आदिवासी लोक तर त्याच्याही आधीपासून तिथेच राहतायत. हे बोललो तर एकजण म्हणतो, इतिहास सोड रे, ल्युअर (नकली आमिषं) कुठले घ्यायचे ते बोल.

दहा वर्षांचा होतो तेव्हा कर्लीच्या खाडीत घाईघाईने गरी टाकली, खालच्या खडकात अडकली. आजोबांनी गपचूप दोर कापला, म्हणाले, "आधी पाण्याक इचार, मगे गरी घाल." खाडीच्या त्या वळणावर कोण कोण बुडालं ते नावानिशी सांगायचे, मगच होडी पुढे.

हो, रूझवेल्ट धाडसी होता, मान्य. १९१४ मध्ये रोंदोनबरोबर ती नदी उतरताना पाय सडला, ताप चढला, मला इथेच सोडून पुढे जा म्हणाला. पण वल्ही कोण मारत होतं? होड्या खांद्यावरून, ओंडक्यांवरून कोण ओढत होतं? त्या कामाऱ्यांचं एक नाव नाही स्लाइडवर!

१५ मार्चला त्यांच्यातला सिंप्लिसियो धबधब्यात वाहून गेला, सापडलाच नाही. रोंदोनने त्या धबधब्याला त्याचंच नाव दिलं, काठावर खांब रोवून लिहिलं की बिचारा सिंप्लिसियो इथे गेला. दुसऱ्या दिवशी रोंदोनचा कुत्रा तिथल्या आदिवासींच्या बाणांनी मेला, तरी त्याने उलट तिथे त्यांच्यासाठी भेटवस्तू ठेवल्या. हे रात्री वाचलं आणि मला सारखे आजोबाच दिसत राहिले, वल्हं आडवं धरून त्या वळणावर थांबलेले.

आणि ज्यांना फक्त मासेच हवेत त्यांच्यासाठी पण सांगतो, ती माणसं ऐन पुरात गेली होती. पाणी जंगलात शिरलं की मासे पण आत झाडांमध्ये शिरतात, गळाला फारसं काही लागत नाही, उपासमार झाली त्यांची. आपण ऑगस्टच का धरलाय ते यावरून समजा, पाणी उतरलं की पीकॉक बास परत काठाला येतो.

सिंप्लिसियोचा धबधबा आपल्या वाटेत येतो का, विचारून ठेवलंय. येत असेल तर तिथे पंधरा मिनिटं गळ होडीतच ठेवायचे, एवढं कराल ना माझ्यासाठी?